कथेतली नसीहत कुठे ठेवायची?



या सदराकडे ज्या कथा येतात त्यांतल्या बऱ्याचशा एकाच साच्यातल्या असतात. घरात नवी सून येते. ती उर्मट असते, मोबाईलमध्ये बुडालेली असते, नमाजकडे तिचे लक्ष नसते. मग घरात आजारपण येते. ज्या सासूला तिने दुखावले तीच सासू रात्रभर उशाशी बसून राहते. सून सासूच्या मांडीवर डोके ठेवून रडते, माफी मागते. शेवटच्या परिच्छेदात लेखिका स्वतःच पुढे येते आणि सांगते की, म्हणून प्रत्येक सुनेने असे वागावे आणि प्रत्येक सासूने तसे. दुसरा साचा हुंड्याचा, तिसरा कर्ज काढून केलेल्या लग्नाचा.

विषय खोटे नाहीत. हे सगळे आपल्या घरांत घडते. पण कथा वाचून तास झाला की त्या सुनेचे नावसुद्धा आठवत नाही. कारण लिहिणाऱ्याला त्या सुनेत रस नव्हताच. त्याला रस होता शेवटच्या परिच्छेदात. सून, सासू, आजारपण, दवाखाना हे सगळे त्या परिच्छेदाचे ओझे वाहायला आणलेले हमाल होते. ओझे उतरले आणि हमाल निघून गेले.

नसीहत करू नये असे मी म्हणत नाही. जुम्याचा खुतबा आहे, इज्तिमा आहे, याच मासिकात कुरआन आणि हदीसची पाने आहेत. तिथे गोष्ट सरळ सांगितली जाते आणि तशीच सांगायला हवी. कथेचे काम वेगळे आहे. कथेतली नसीहत शेवटच्या परिच्छेदात ठेवली की ती मरते. मग ती ठेवायची कुठे?

पवित्र कुरआनची बारावी सूरह पाहा, सूरह यूसुफ. 111 आयतींची ही सूरह. कुरआन हा काही कथांचा ग्रंथ नाही, तो हिदायत आहे; पण या किश्शाला खुद्द कुरआननेच सर्वोत्तम किस्सा म्हटले आहे. तेव्हा गोष्ट सांगायला शिकू पाहणाऱ्याने तिथे अदबीने बसून थोडे निरखायला हरकत नसावी. त्यात एक कमीस आहे. भाऊ हजरत यूसुफ (अलै.) यांना विहिरीत टाकतात आणि त्यांच्या कमिसावर खोटे रक्त लावून ते वडिलांपुढे आणतात. पुढे मिसरमध्ये तोहमत येते तेव्हा कमीस मागून फाटले आहे की पुढून, यावरून खरे-खोटे ठरते. आणि शेवटी हजरत याकूब (अलै.) यांच्या चेहऱ्यावर कमीस ठेवले जाते आणि त्यांची गेलेली दृष्टी परत येते. एकदा खोटा पुरावा, एकदा खरा पुरावा आणि एकदा शिफा. तिन्ही वेळा कमीसच. हसद म्हणजे काय, पाकदामनी म्हणजे काय, सब्र म्हणजे काय, हे ऐकणाऱ्याला त्या कपड्यातून कळत जाते.

कोणी म्हणेल, सूरहच्या शेवटी तर स्पष्टच सांगितले आहे की या किश्शांत समजदारांसाठी इब्रत आहे. बरोबर आहे. पण आधी संपूर्ण किस्सा सांगून झाला आहे, स्वप्नापासून त्या स्वप्नाच्या पूर्ततेपर्यंत. आणि ज्याने सांगितले तो सगळे जाणणारा आहे. आपण बंदे. आपल्याला आपल्या शेजाऱ्याच्या मनातलेही धड कळत नाही, मग कथेच्या शेवटी उभे राहून निकाल देण्याची घाई कशाला?

आता माणसाने लिहिलेल्या कथेकडे येऊ. प्रेमचंद यांची ‘ईदगाह’ आपल्यापैकी बहुतेकांनी शाळेत कधी ना कधी वाचलेली असते, उर्दूतून, हिंदीतून नाहीतर मराठी अनुवादातून. 1933 च्या सुमाराची ही कथा. चार-पाच वर्षांचा हामिद, त्याची दादी अमीना. वडील पटकीने गेले, आईही मागोमाग गेली. पोराला सांगितले आहे की अब्बा पैसे कमवायला गेलेत आणि अम्मी अल्लाह मियाँच्या घरून छान छान वस्तू आणायला गेली आहे. ईदच्या जत्रेत बाकीची मुले मातीची खेळणी घेतात, मिठाई खातात आणि हामिद दादीसाठी चिमटा घेऊन येतो. एवढीच गोष्ट.

परीक्षेत या कथेखाली ‘या कथेतून कोणता बोध मिळतो?’ असा प्रश्न असतो आणि मुले त्याग, माया, समजूतदारपणा असे तीन शब्द लिहून मोकळी होतात. लिहायला शिकणाऱ्याने तो प्रश्न बाजूला ठेवून दुसरा विचारावा. प्रेमचंदांनी या कथेत पैसे किती वेळा मोजले आहेत?

मोजून पाहा. अमीनाला शिवणकामाचे आठ आणे मिळाले होते. ते तिने ईदसाठी जिवापाड जपले. पण गवळणीचा तगादा आला. पोराला रोज दोन पैशांचे दूध तरी हवेच. आता घरात उरले दोन आणे. तेव्हा एका आण्याचे चार पैसे, म्हणजे सगळे मिळून आठ पैसे. त्यांतले तीन हामिदच्या खिशात, पाच अमीनाच्या बटव्यात. त्या पाच पैशांत शेवया करायच्या आणि ईदच्या दिवशी दारात येणाऱ्या प्रत्येकीच्या हातावर काहीतरी ठेवायचे. इकडे महमूदकडे बारा पैसे, मोहसिनकडे पंधरा. चक्री-पाळण्यात एका पैशाला पंचवीस फेऱ्या. खेळणे दोन पैशांचे. लोखंडी सामानाच्या दुकानात चिमट्याला दुकानदार सहा पैसे सांगतो, मग पाचावर येतो आणि हामिद छातीवर धोंडा ठेवून तीन म्हणतो.

गरिबीचे वर्णन करणारी वाक्ये या कथेत आहेतच, पण आपण गरिबी ओळखतो ती या हिशेबावरून. तीन पैसे म्हणजे नेमके काय हे आपल्याला आधीच माहीत झालेले असते. एक खेळणे आणि पंचवीस फेऱ्या. तेवढे सगळे हामिदने त्या दुकानात टाकले, हे लेखकाला वेगळे सांगावे लागत नाही. आपण वाचता वाचता वजाबाकी केलेली असते.

आणखी एक गोष्ट. दादीची बोटे तव्यावरून पोळी काढताना भाजतात हे प्रेमचंद आपल्याला सुरुवातीला सांगत नाहीत. ते कळते थेट दुकानासमोर, हामिदला आठवते तेव्हा. आपल्याकडे येणाऱ्या कथेत हेच पहिल्या पानावर आले असते: बिचाऱ्या म्हाताऱ्या दादीकडे साधा चिमटाही नव्हता. मग वाचक जत्राभर वाट पाहत बसला असता की कधी एकदा हा चिमटा घेतो. हातातली माहिती कुठे सोडायची, यावर अर्धी कथा अवलंबून असते.

एक मात्र प्रामाणिकपणे म्हणते. ‘ईदगाह’चा शेवट मला जरा जास्त वाटतो. दादी आधी रागावते, मग रडते, एवढ्यात कथा पूर्ण झाली आहे. पण या दोहोंच्या मध्ये पोराच्या गुणांची यादी येते आणि पोर म्हातारे झाले, म्हातारी पोर झाली, असे लेखक समजावून सांगतो. प्रेमचंद मोठे आहेत, त्यांना ते शोभूनही जाते. आपण तिथून तो शेवट तेवढा उचलतो आणि आठ पैशांचा हिशेब तिथेच सोडतो, ही अडचण आहे.

ज्यांना उर्दू वाचता येते त्यांनी इस्मत चुगताई यांची ‘चौथी का जोडा’ जरूर वाचावी. इस्मत आपांचे नाव काढले की लोकांना दुसरीच एक कथा आणि तिचा खटला आठवतो. ही कथा मात्र कोणत्याही घरात मोठ्याने वाचता येईल. एक आई आहे, कापड बेतण्यात सगळ्या मोहल्ल्यात उस्ताद. कापड कमी पडले की बायका तिच्याकडे येतात आणि ती इकडून तिकडून जुळवून कपडा पुरा करते. थोरली लेक कुबरा लग्नावाचून बसली आहे. नात्यातला एक मुलगा घरी येऊन राहतो. घरातल्या वस्तू विकून त्याला खाऊपिऊ घातले जाते, या आशेवर की तो कुबराला मागणी घालेल. तो खातो, राहतो आणि दुसरीकडे लग्न करायला निघून जातो. क्षयाने पोखरलेली कुबरा मरते. शेवटी त्याच जागी पुन्हा कापड अंथरले जाते, पुन्हा आई मोजूनमापून कातर चालवते. या वेळी कापड कफनाचे असते.

हुंडा वाईट आहे हे वाक्य लिहिण्याची गरज पडली का? शादीचा जोडा बेतणारे हात कफन बेततात, एवढे पाहिले की वाचणाऱ्याचा घास घशात अडकतो. आणि लक्षात घ्या, कापड बेतणारी आई इस्मतनी पहिल्याच पानावर आणून ठेवली आहे. शेवट सुरुवातीतच मांडलेला असतो. तो आपल्याला दिसत नाही इतकेच.

उर्दूत अशा वस्तूंच्या कथा पुष्कळ आहेत. राजिंदर सिंह बेदींचा ‘गरम कोट’ आहे, गुलाम अब्बास यांचा ‘ओव्हरकोट’ आहे. दुसऱ्यात एक ऐटबाज तरुण ओव्हरकोट घालून लाहोरच्या रस्त्यावर फिरतो, ट्रकखाली येतो आणि दवाखान्यात कोट काढल्यावर आत फाटके स्वेटर निघते. मराठी पाचवी-सहावीपासून शिकलेल्या माणसालाही या कथा उर्दू जाणणाऱ्याकडून एका बैठकीत ऐकता येतील. घरात एकाला लिपी येते आणि बाकीच्यांना ऐकून कळते, अशी आपली बरीच घरे आहेत. त्याचा उपयोग करून घ्यावा.

पण वाचून झाल्यावर प्रश्न उरतो: आपल्या घरांतल्या कथा कोण लिहिणार? सोलापूरला 1990 मध्ये पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झाले, त्यालाही आता किती वर्षे झाली. कोकणातला दर्यावर्दी, भिवंडी-मालेगावचा यंत्रमाग, मराठवाड्यातले छोटे गाव, यांतले आपले घर मराठी कथेत आले तर ते बहुधा बाहेरून पाहिलेले असते. आतून लिहिणारे हमीद दलवाई होते. त्यांचे नंतरचे विचार आपल्यापैकी अनेकांना पटत नाहीत, ते सोडून देऊ. पण ‘लाट’मधल्या कथा आणि ‘इंधन’ ही कादंबरी वाचताना कोकणातल्या मुस्लिम वस्तीचा वास येतो, हे नाकारता येणार नाही.

एक उदाहरण घेऊन करून पाहू. रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांतले पुरुष कुवेत, सौदी, दुबईला गेले. फोन दुर्मिळ होते त्या काळी कोणी सुट्टीवर येणार असले की त्याच्या हाती कॅसेट पाठवायचे. पत्राऐवजी आवाज. विषय मिळाला की पहिले वाक्य सुचते ते हे: ‘परदेशी गेलेल्या नवऱ्याच्या बायकोचे दुःख कोणाला कळणार?’ हे वाक्य खोडून टाका. कॅसेटकडे पाहा.

दुपारची वेळ. ओटीवर टेपरेकॉर्डर ठेवला आहे. समोर सासू, दीर, शेजारची चाची, पोरेटोरे. सून माजघराच्या दारात उभी, हाताला तांदळाचे पीठ. आवाज सुरू होतो. आधी सगळ्यांना वयाच्या क्रमाने सलाम. मग, पावसाआधी घर शाकारून घेतले का? मागच्या दारच्या फणसाला यंदा किती फणस? धाकट्याला मदरशात घातले का? बायकोसाठी एकच वाक्य, तेही आईच्या मार्फत: तिला म्हणावे तब्येत सांभाळ. सगळ्या घरासमोर तो याहून जास्त काय बोलणार? आणि ती तरी काय ऐकणार? मग थोडी शांतता. पंख्याचा आवाज. खट् करून बटण दाबल्याचा आवाज.

एवढ्यावर कथा होत नाही, हे चित्र झाले. आता एक अडचण घाला. घरात कोरी कॅसेट नाही. उद्या सकाळी तोच माणूस परत निघणार, त्याच्याबरोबर जवाब पाठवायचा आहे आणि तो याच कॅसेटवर भरायचा आहे. म्हणजे उद्या सगळ्यांचे सलाम नवऱ्याच्या आवाजावर चढणार, तो पुसला जाणार. तिच्याकडे एक रात्र आहे.

ती रात्री उठते. आवाज अगदी बारीक करून टेप लावते. सलाम, शाकारणी, फणस, सगळे पुढे सरकवते. स्वतःसाठीच्या त्या वाक्यावरही थांबत नाही. शेवटची शांतता ऐकते, बटण दाबण्याआधी तो जिथे काही न बोलता नुसता बसून राहिला आहे ती. कॅसेट मागे घेते, पुन्हा ऐकते. आतून सासू खोकते.

इथे थांबा. तिला काय वाटले ते लिहू नका. सासूला कळले की नाही तेही लिहू नका; मात्र ते तुम्हाला ठाऊक असले पाहिजे, कारण त्यावर त्या खोकल्याचा आवाज ठरतो. सकाळी जवाब भरताना सासू म्हणाली, ‘तूही सलाम सांग गे,’ आणि दोन मिनिटे सगळ्यांना उठवून परसात नेले, असा एक शेवट होऊ शकतो. तिने तोंड उघडले आणि काहीच न बोलता तेवढीच शांतता भरून पाठवली, हा दुसरा. मला पहिला आवडतो. त्यात सासूही माणूस होते.

अशी कथा लिहायची तर आधी विचारपूस करावी लागते. ज्यांच्या घरात अशा कॅसेट यायच्या त्या खाला-चाचींकडे बसा. टेप गुंतली की पेन्सिलने कशी गुंडाळायचे, कॅसेट कुठे जपून ठेवायचे, ऐकायला कोण कोण जमायचे, कोणाला मुद्दाम बोलवायचे नाही, हे विचारा. एका दुपारी तुम्हाला तीन कथा मिळतील आणि त्या तिन्ही तुमच्या मूळ कल्पनेपेक्षा चांगल्या असतील.

राहिला भाषेचा प्रश्न. तो आपल्याला इतर मराठी लेखकांपेक्षा जास्त छळतो. आपण मराठीत लिहितो, पण कथेतली दादी सोलापूरची असेल तर ती दखनी बोलते, चिपळूणची असेल तर कोकणी बोली, मालेगावची असेल तर उर्दू. अशा दादीच्या तोंडी ‘मला अतिशय वेदना होत आहेत’ असे वाक्य घातले की कथा तिथेच मोडते. निवेदन साध्या मराठीत ठेवावे आणि संवादात बोलीचा तेवढाच अंश घ्यावा जेवढा वाचणाऱ्याला कानाने कळेल. एक ‘हौ’, एक ‘नक्को’, एक ‘कायकू’ पुरतो. सगळेच संवाद दखनीत लिहिले तर पुण्या-नागपूरचा वाचक अडखळतो.

उलट टोकही आहे. काही जण प्रत्येक वाक्यात ‘माशाअल्लाह’ आणि ‘जनाब’ घालतात, जणू आपली माणसे हिंदी सिनेमातल्या नवाबाच्या हवेलीत राहतात. तुमच्या घरात दूधवाल्याशी कोणी ‘आदाब’ म्हणून बोलते का? मग कथेतही नको. फातिहा, इद्दत, सेहरी, बरकत हे शब्द मात्र निर्धास्त लिहावेत आणि कंसात त्यांचा अर्थ देऊ नये. इद्दत म्हणजे काय हे चार महिने दहा दिवस खोलीतच राहिलेल्या बाईच्या दिवसांतून वाचकाला आपोआप समजते. कंस घातला की आपण पाहुण्याला घर दाखवू लागतो आणि घरातली माणसे गप्प होतात.

पुढच्या महिन्यासाठी एवढे करून पाहा. घरातली एक वस्तू निवडा: शिवणयंत्र, आखाताहून आलेले ब्लँकेट, अब्बांची सायकल, रेशन कार्ड, जानमाज, काहीही. ती कोणी, कधी, किती पैशांना घेतली, तेव्हा घरात आणखी कशाची गरज होती, हे घरच्या वडीलधाऱ्यांना विचारून एका पानावर लिहा. मग दुसऱ्या पानावर त्या वस्तूमुळे अडलेला एकच दिवस लिहा. पाचशे शब्द पुरेत, कागदाच्या एकाच बाजूला, सुवाच्य अक्षरात. घरातल्या खऱ्या माणसांची नावे बदला, कोणाची बेअब्रू होता कामा नये. पाठवण्याआधी शेवटचा परिच्छेद हाताने झाकून कोणाला तरी मोठ्याने वाचून दाखवा. ऐकणाऱ्याने ‘मग पुढे?’ असे विचारले नाही, तर तो परिच्छेद न पाठवता बाकीचे तेवढे पाठवा.